गोदावरीच्या खालच्या अंगाला : ‘दीनमित्र’ आणि वृत्तपत्रीय वाङ्मयाचा प्रश्न

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या ‘शारदा’चा प्रयोग पाहावयास आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. ही घटना मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. तिच्यामागोमाग घडलेली एक गोष्ट मात्र राजकीय इतिहासात नोंदली जाते आणि वाङ्मयेतिहासात सहसा विसरली जाते. १९१० च्या फेब्रुवारीत मुद्रणाविषयीचा नवा कायदा आला. त्यामागे त्या काळातील राजकीय हत्यांची पार्श्वभूमी होती आणि नाशिकचा प्रसंग सर्वांत ताजा होता. नवा छापखाना काढणाऱ्याने मॅजिस्ट्रेटकडे पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत तारण ठेवावे, मजकूर आक्षेपार्ह ठरल्यास ते सरकारजमा व्हावे, असे त्याचे स्वरूप होते. पुण्यामुंबईच्या प्रस्थापित पत्रांनाही जाचक वाटणारा हा कायदा लागू झाल्यावर नऊदहा महिन्यांच्या आत, नाशिकला वळसा घालून पूर्वेकडे गेलेली गोदावरी ज्या नेवासे तालुक्याच्या कडेने वाहते, त्या परिसरातील एका खेड्यातून एक साप्ताहिक निघू लागले. त्याचे नाव ‘दीनमित्र’ आणि संपादकाचे मुकुंदराव गणपतराव पाटील. आरंभीचा काळ सोमठाणे येथे गेला. पुढे नेवासे तालुक्यातील तरवडी हेच या पत्राचे कायमचे गाव झाले. १९१० च्या नोव्हेंबरपासून मुकुंदरावांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत, सुमारे सत्तावन्न वर्षे ते चालले.

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास आपल्याकडे शहरांच्या क्रमाने लिहिला जातो. मुंबईचे ‘दर्पण’ (१८३२), पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ (१८४९), मग ‘केसरी’ (१८८१), आणि या मुख्य प्रवाहाच्या काठाकाठाने जिल्ह्यांच्या ठिकाणची ‘स्थानिक’ पत्रे, असा तो आराखडा असतो. ‘स्थानिक’ या विशेषणात एक मूल्यनिर्णय दडलेला आहे. मुंबईत निघालेले पत्र मुंबईचे असूनही स्थानिक ठरत नाही. तरवडीत निघालेले पत्र मात्र महाराष्ट्रभरच्या वाचकांना उद्देशून बोलत असले तरी स्थानिकच राहते. ‘दीनमित्र’ची नोंद जेथे होते तेथे ती ब्राह्मणेतर चळवळीचे मुखपत्र म्हणून होते. ही नोंद खोटी नाही. पण ती पुरेशीही नाही. चळवळीच्या इतिहासकाराला त्यातील मते हवी असतात. ती मते ज्या वाङ्मयीन रूपांतून मांडली गेली, ती रूपे कोठून आली आणि खेड्यातून छापण्याशी त्यांचा काय संबंध होता, हा प्रश्न समीक्षेचा आहे आणि तो समीक्षेने फारसा विचारलेला नाही.

‘दीनमित्र’ हे नाव मुकुंदरावांनी नव्याने योजलेले नव्हते. त्यामागे एका पिढीचा खटाटोप उभा आहे. मुकुंदराव हे जन्माने कृष्णराव भालेकरांचे पुत्र. जोतीराव फुले यांचे सहकारी असलेल्या भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. सत्यशोधक समाजाचे विचार मांडणारे हे पहिले पत्र पैशाअभावी रखडले आणि १८८० मध्ये मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेले. गिरणीच्या मुंबईत त्याला नवे आयुष्य मिळाले आणि नव्या अडचणीही. फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली काही प्रकरणे ‘दीनबंधु’त आली आणि पुढची छापावयास पत्राने नकार दिला. त्याबद्दलचा फुल्यांचा संताप त्या ग्रंथाच्या आरंभीच नोंदलेला आहे. मित्राचे पत्र आणि आपले पत्र यांतील अंतर सत्यशोधकांना असे लवकरच कळले. पुढे १८८८ मध्ये तरवडीच्या गणपतराव सखाराम पाटील या तरुणाने ‘दीनमित्र’ नावाचे मासिक काढले. गणपतराव अल्पायुषी ठरले आणि मासिकही. भालेकरांचा मुलगा या पाटील घराण्यात दत्तक गेला, आणि भालेकरांचे निधन ज्या १९१० साली झाले त्याच वर्षी त्याने मासिकाचे नाव साप्ताहिकाला दिले. एका वडिलांकडून वृत्तपत्राचे वेड आणि दुसऱ्याकडून वृत्तपत्राचे नाव असा हा दुहेरी वारसा आहे.

त्या अल्पजीवी मासिकाने मराठी कादंबरीच्या इतिहासाला एक गाठ मारून ठेवली आहे. भालेकरांची ‘बळीबा पाटील’ ही १८७७ च्या दुष्काळावरची कथा १८८८ मध्ये क्रमशः त्यातच प्रसिद्ध होऊ लागली. दख्खनला १८७६ ते १८७८ या काळात होरपळणारा दुष्काळ, कुणबी कुटुंब आणि गावचा पाटील हा नायक, हा सगळा ऐवज ‘धनुर्धारी’ यांच्या ‘पिराजी पाटील’च्या (१९०३) पंधरा वर्षे आधीचा आहे. तरीही ग्रामीण कादंबरीचा आरंभ सांगताना दीर्घकाळ ‘पिराजी पाटील’चेच नाव घेतले गेले. याचे कारण गुणवत्तेत शोधण्यात अर्थ नाही. ते बांधणीत आहे, पुस्तकबांधणीत. पुस्तक ग्रंथालयाच्या सूचीत जाते आणि सूचीतून इतिहासात येते. मासिकाचे सुटे अंक कोणाच्या माळ्यावर राहिले तर राहतात. १९८२ मध्ये सीताराम रायकर यांनी भालेकरांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केल्यावर ‘बळीबा पाटील’ खऱ्या अर्थाने वाचकांसमोर आली. तोवर ग्रामीण साहित्याची चळवळ सुरू होऊन तिचे वादही रंगात आले होते. आपल्या पूर्वजाचा पत्ता चळवळीला असा उशिरा लागावा, यात दोष चळवळीचा नाही. जे वाङ्मय वृत्तपत्रात जन्मते त्याची वंशावळ ठेवण्याची सवय आपल्या वाङ्मयव्यवहाराला नाही.

आता तरवडीकडे वळावयास हरकत नाही. खेड्यातून पत्र काढणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. कागद, शाई, खिळे हे सगळे शहरातून आणावयाचे. अंक टपालाने रवाना करावयाचे. वर्गणी त्याच टपालाने येण्याची वाट पाहावयाची. पहिल्या महायुद्धात कागदाचे भाव कडाडले तेव्हा मोठ्या पत्रांचेही हाल झाले, तेथे या पत्राची स्थिती काय असेल हे सांगावयास नको. १९११ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास होते आणि शेतकरी जातींत ते त्याहून कमी असणार हे उघड आहे. म्हणजे ज्यांच्यासाठी पत्र काढावयाचे त्यांतील बहुतेकांना ते वाचता येत नव्हते. पुण्याच्या संपादकाला हा विरोधाभास विसरता येई, कारण त्याचा वाचक त्याच्या पेठेतच राहत होता. तरवडीच्या संपादकाला तो दारातच उभा दिसे.

या विरोधाभासातून जे गद्य आणि पद्य निर्माण झाले ते मुळात ऐकण्याचे वाङ्मय आहे. एकाने वाचावे, दहांनी ऐकावे ही खेड्याची रीत वृत्तपत्राहून फार जुनी आहे. श्रावणात पोथी लागते, देवळात वा पाटलाच्या ओसरीवर कोणी एक जाणता ओव्या म्हणतो, अर्थ सांगतो, श्रोते हुंकार भरतात. मुकुंदरावांनी हा मांडलेला सभामंडप आयता घेतला आणि त्यात भलतीच पोथी लावली. ‘कुलकर्णी लीलामृत’ (१९१३), ‘शेटजी प्रताप’, ‘देशभक्त लीलासार’ ही त्यांच्या काव्यांची नुसती नावे उच्चारली तरी युक्ती ध्यानात येते. लीलामृत म्हटले की मराठी कानाला महिपतींचे ‘भक्तलीलामृत’ आठवते. प्रताप, सार ही पोथ्यांच्या शीर्षकांतील नेहमीची पदे. लीला देवाच्या वा संतांच्या असावयाच्या. येथे त्या गावच्या लेखणीबहाद्दराच्या आहेत. तो दप्तर कसे फिरवतो, थकबाकी कशी उभी राहते, निरक्षर कुणब्याच्या अंगठ्याचे पुढे काय होते, हे सारे भाविकाच्या सुरात, ओवीच्या ठेक्यात सांगितले जाते. ऐकणाऱ्याचे हात सवयीने जुळावेत आणि कशाला जुळले हे कळताच त्याने दचकावे, अशी ही रचना आहे.

या विडंबनाचे भौगोलिक मूळही पाहण्यासारखे आहे. महिपती ताहराबादचे, ताहराबाद राहुरी तालुक्यात, म्हणजे मुकुंदरावांच्याच अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात. खुद्द नेवासे ही ‘ज्ञानेश्वरी’ची जन्मभूमी. ओवी या मातीत परकी नाही. तेथे ती घरची भाषा आहे. याहून गंमतीचा भाग असा की महिपती हे स्वतः वंशपरंपरेने ताहराबादचे कुलकर्णी. पूजेत असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवावयास आला, तेव्हा यापुढे ही लेखणी सरकारी चाकरीत धरणार नाही, फक्त संतचरित्रांसाठीच धरीन, अशी प्रतिज्ञा त्यांनी केल्याची कथा प्रसिद्ध आहे. एका कुलकर्ण्याने दप्तर टाकून लीलामृत लिहिले आणि दीडशे वर्षांनी त्याच जिल्ह्यातील एका पाटलाने त्याच छापाच्या लीलामृतात ते दप्तर पुन्हा उघडले. मुकुंदरावांच्या मनात हा संबंध होता की नाही हे ठरवण्याची गरज नाही. परंपरा लेखकाच्या मनाची परवानगी घेऊन काम करीत नसते.

‘सत्यशोधकांनी संतवाङ्मय नाकारले’ हे सुलभ विधान अशा वेळी तपासून घ्यावे लागते. आशयाच्या पातळीवर मुकुंदरावांचा पोथीनिष्ठेला विरोध होता यात शंका नाही. रूपबंधाच्या पातळीवर मात्र ते पोथीचे ऋणी आहेत, आणि हे ऋण त्यांनी लपवलेले नाही. फुल्यांनीही अखंड रचताना आणि पवाडा लिहिताना हेच केले होते. सत्यशोधकी जलशांनी तमाशातील गण-गवळणीची चौकट घेऊन तिच्यात नवा मजकूर भरला. निबंधमालेने १८७४ पासून घडवलेले प्रौढ, संस्कृतनिष्ठ, इंग्रजी निबंधाच्या वळणाचे गद्य हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठीचे मोठे यश मानले जाते, ते आहेही. पण त्या यशाच्या प्रकाशात हे दुसरे वळण दिसेनासे झाले. तेथे वृत्तपत्र निबंधाकडे न जाता कीर्तन, पोथी आणि चावडीवरच्या बोलण्याकडे गेले. ‘आसूडाचे फटके’ या नावातच फुल्यांचे ऋण मान्य केलेले आहे, आणि ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ या नावात तर अख्खी व्यंगचित्रमाला आहे. आडनावाच्या रूढ घडणीत ‘परान्न’ बसवणे ही शाब्दिक कोटी चिपळूणकरी वळणाचीच, फक्त तिची दिशा उलटी. प्रतिपक्षाची शस्त्रे मुकुंदरावांनी चांगली ओळखली होती.

तथापि या वाङ्मयाची भलामण करताना तारतम्य सोडण्याचे कारण नाही. आठवड्याला अंक भरणाऱ्या माणसाचे सगळेच लेखन टिकाऊ नसते. मुकुंदरावांच्या उपहासात पात्रे वारंवार साच्यातून निघतात. शास्त्री लोभीच असतो, देशभक्त ढोंगीच असतो आणि शेटजी निर्दयच असतो. पहिल्यांदा जे ऐकून श्रोता दचकतो ते दहाव्यांदा ऐकून फक्त हसतो. ‘होळीची पोळी’सारख्या (१९१०) कादंबरीत प्रबोधनाचा हेतू कथेवर स्वार झालेला आहे. राष्ट्रीय चळवळीविषयीचा त्यांचा संशय सुरुवातीला अनुभवातून आलेला होता. मात्र संशयाची एकदा शैली झाली की ती बदलत्या वस्तुस्थितीकडे पाहू देत नाही. हे दोष मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. गावगाड्यातील सत्तेचा व्यवहार, त्याचे हिशेब, त्याची परिभाषा ही त्या काळच्या शहरी कादंबरीत जवळजवळ नाही आणि येथे ती ओवीओवीत आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. हा प्रश्न पाच वर्षे आधी पोथीच्या रूपाने ओसरीओसरीवर वाचला जात होता, ही गोष्ट वाङ्मयाच्या सामाजिक परिणामाविषयी बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हे पत्र वाचणारा आणि वाचून दाखवणारा वर्ग कोण होता? त्याचा माग पुन्हा नदीच्या वरच्या अंगाला, नाशिककडे नेतो. सत्यशोधक समाजाची पहिली परिषद १९११ मध्ये पुण्यास भरली आणि दुसरी १९१२ मध्ये नाशिकला. १९१४ मध्ये नाशिकातच मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली. शेतकरी कुटुंबांतील मुले वसतिगृहांत राहून शिकू लागली, ती या काळात. सुटीत गावी गेलेला असा विद्यार्थी हाच या पत्रांचा खरा वाचनिक. जॅक्सनच्या वधाने नाशिक राष्ट्रीय क्रांतिकार्याच्या इतिहासात गेले. त्याच गावात, त्याच दशकात, दुसरा एक अक्षरओळखीचा इतिहास चालू होता आणि त्याला नाट्यगृहाची गरज नव्हती.

या वाचकवर्गाला मर्यादाही होत्या. त्या सांगणारा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार बाबासाहेब आंबेडकर हे आहेत. ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात त्यांनी ज्या पत्रांचा नावानिशी उल्लेख केला, त्यांत ‘दीनमित्र’ आहे. ‘जागरूक’, ‘विजयी मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’ ही नावेही तेथे आहेत. या पत्रांतून बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा होते हे त्यांनी स्वच्छपणे मान्य केले. आणि ‘ब्राह्मणेतर’ या सदराखाली मोडणाऱ्या अनेक जातींच्या प्रश्नांचा खल होत असताना बहिष्कृतांना त्यांत पुरेशी जागा मिळणे शक्य नाही, हेही तितक्याच स्वच्छपणे सांगितले. हे विधान तक्रारीचे नाही. जागेच्या हिशेबाचे आहे. पण त्या हिशेबात ‘दीन’ या शब्दाचा अर्थ उकलतो. ‘कुलकर्णी लीलामृत’ हे एका अर्थाने गावच्या दोन वतनदारांचे भांडण आहे. त्यात पाटलाची आणि रयतेची बाजू एकरूप होते आणि कुलकर्णी प्रतिपक्षी जातो. तिसरा वतनदार, वेशीबाहेर राहणारा महार, या भांडणात वादी म्हणून उभा राहत नाही. त्याचे वतन हे वतन नसून वेठ आहे, हे सांगण्यासाठी १९२८ मध्ये आंबेडकरांना मुंबई कायदेमंडळात स्वतंत्र विधेयक आणावे लागले. मुकुंदरावांचा अस्पृश्यतेला विरोध प्रामाणिक होता. तरीही पाटलाच्या वाड्यातून निघणाऱ्या पत्राला गाव ज्या कोनातून दिसतो, तो कोन संपादकाच्या सद्भावनेने पूर्णपणे बदलत नाही. १९३० च्या २ मार्चला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा बहिष्कृतांचा लढा आपल्या आवाजात बोलत होता, आणि ‘मूकनायक’च्या नावातील मूकपण मागे पडले होते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. ‘विजयी मराठा’ (१९१९), ‘प्रबोधन’ (१९२१), कोल्हापूरचे ‘हंटर’ (१९२५), जवळकरांचे ‘कैवारी’ (१९२८) अशी पत्रांची रांग उभी राहिली आणि एकेक करून मावळली. तिशीत केशवराव जेधे आणि त्यांचे सहकारी काँग्रेसमध्ये गेले आणि ब्राह्मणेतर चळवळीचा राजकीय आधारच सरकला. ज्या देशभक्ताच्या लीला गाऊन झाल्या त्याच्याच मांडवात आपली माणसे जाऊन बसली, हे तरवडीहून कसे दिसले असेल याची कल्पना करता येते. पत्र मात्र थांबले नाही. १९३८ मध्ये नाशिक जिल्ह्यात दादासाहेब पोतनीस यांनी ‘गांवकरी’ काढले. राष्ट्रीय चळवळीच्या वातावरणात वाढलेले हे पत्र साप्ताहिकातून दैनिकात गेले, जिल्ह्याच्या बाजारपेठेशी जोडले गेले आणि त्याच समूहाने ‘अमृत’सारखे मासिकही चालवले. नावात गाव असलेले पत्र शहराचे झाले; नावात गाव नसलेले पत्र गावातच राहिले. पहिल्याला जाहिरात, दळणवळण आणि वाढता साक्षर वर्ग लाभला; दुसऱ्यापाशी एक माणूस होता.

एका माणसाचे पत्र त्या माणसाबरोबर संपावे हे स्वाभाविक होते. मुकुंदराव १९६७ मध्ये वारले तेव्हा व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ प्रसिद्ध होऊन अठरा वर्षे झाली होती आणि ग्रामीण कथा प्रतिष्ठित नियतकालिकांत स्थिरावली होती. त्या कथेतील खेडे शहराच्या वाचकासाठी लिहिलेले होते आणि शहरात छापले जात होते. ‘दीनमित्र’मधील खेडे खेड्यासाठी लिहिलेले होते, आणि ते वाचून दाखवणारा समोर बसलेल्यांच्या चेहऱ्याकडे पाहत वाचीत होता. बोलीभाषेच्या वापरावरून ग्रामीणतेचे मोजमाप करणाऱ्या समीक्षेला या दुसऱ्या लेखनात बोली थोडी आणि पोथीची भाषाच जास्त सापडते, म्हणून ते तिला पुरेसे ग्रामीण वाटत नाही. तरवडीच्या ओसरीवर बसलेल्या श्रोत्याला मात्र पोथीची भाषा परकी कधीच नव्हती. ती त्याने नांगराइतक्याच लहानपणापासून हाताळलेली होती, फक्त तिच्यात त्याच्या सारा-पट्टीचा हिशेब येऊ शकतो हे त्याने प्रथमच ऐकले.